वायरमनच्या मशीनची बॅटरी

(कारंजा लाड. बसस्टँडाजवळचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, भर दुपार. काउंटरवर एक जुना काळा संगणक, त्यावर घरी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. दुकानदार अमरदीप; कामरगावहून आलेल्या तुळसाबाई; आठवड्याच्या सुट्टीवर पुण्याहून आलेली त्यांची मुलगी योगिनी.)

अमरदीप : काकू, हे पाहा, कान पकडले. पुन्हा नाई होनार.

तुळसाबाई : कान पकडून काय होते? चाळीस मानसं मोटरी चालू कराले भर उन्हात वावरात गेली. भाऊसिंग तं जेवनाच्या ताटावरून उठला. तिथं जाऊन पायते, तं लाइटच नाई!

अमरदीप : मले काय मालूम? मी दुरुस्त केलं अन् चालू करून पाह्यलं. इथं दुकानातलं नेट त्याले जोडेल होतं.

योगिनी : ते मशीन चालू झालं की गावाच्या ग्रुपवर बाबांचा ‘लाइट आली’चा आवाज टाकतं. तेवढं एकच काम आहे त्याला.

अमरदीप : आता समजलं ना ताई. तवा मले वाटलं, वायरमन काकाचे फोटो-बिटो असतीन त्याच्यात.

तुळसाबाई : संध्याकाळी भाऊसिंग आला घरी, भांडाले. म्हने, वहिनी, शेषराव तीस वर्षं खांबावर चढला, पन लाइट आली म्हनला तं आलेलीच राहे. आठ महिने झाले त्याले जाऊन, अन् आता खोटं बोलून राह्यला?

योगिनी : आई.

तुळसाबाई : तो म्हनला तेच सांगून राह्यली. मंग ओट्यावर बसला. पानी पेला. अन् रडला.

अमरदीप : मी भाऊसिंग काकाले फोन करून माफी मांगतो.

तुळसाबाई : त्याले नको मांगू. त्याले रडू आलं ते बरं झालं. तेरवीले आला होता तं नुसता मंडप बांधत होता.

योगिनी : अमरदीप, खरं सांगा. मशीन किती दिवस टिकेल?

अमरदीप : खरं सांगू? बंद कराचा एक तरीका असते ताई. आधी त्याले सांगा लागते, बाबा, आता झोप. इथं तं लाइट गेली की ते एकदम मर... एकदम बंद पडते.

तुळसाबाई : मरते म्हन ना. मले काई होत नाई.

अमरदीप : आमच्या धंद्यातली बोली हाये काकू. दिवसातून पाच-सहा खेपा, चार वर्षं. आतली डिस्क थकली होती. मी नवी टाकली, सगळं तिच्यावर उतरवलं. पन असंच चाललं तं हेबी सालभरात जाईन. बॅटरीचा बॅकअप लावाच लागन. यूपीएस.

योगिनी : तोच घ्यायला आलोय. मी हिशेब करून आले आहे. मशीन साठ-सत्तर वॅट, राउटर दहा. सहाशे व्हीएचा पुरेल ना?

अमरदीप : पुरून उरन. घरी इन्व्हर्टर नाई का पन?

तुळसाबाई : कुठचा इन्व्हर्टर! मी म्हनून म्हनून थकली. हे म्हनत, गावात अंधार अन् वायरमनच्या घरी उजेड, शोभते का? लोक म्हनतीन, यानंच तार ओढून घेतली.

अमरदीप : (हसतो) काका बोलले असतीन असंच.

तुळसाबाई : कंदिलात वाचत बसे मानूस. डोळ्याले चष्मा, अन् चष्म्याले कंदिलाची काजळी.

योगिनी : दाखवा ना. स्वस्तातला, पण टिकणारा.

अमरदीप : हे तीन हायेत. हा अठराशेचा. हा मी इकतो, पन तुमाले नाई देनार. सहा महिन्यात बॅटरी फुगते अन् गिऱ्हाइक माह्या दुकानात येऊन फुगते.

तुळसाबाई : मंग इकतं कायले?

अमरदीप : घेनाराले स्वस्तच पायजे काकू. हा दुसरा, सव्वीसशे. दोन वर्षाची गॅरंटी. तुमच्या मशीनले वीस-पंचवीस मिनिटं चालवन. तीन वर्षानं आतली बॅटरी बदलाची, डबा तोच. हा तिसरा एकेचाळीसशे. सगळं तसंच, फक्त मांगून एक तार निंगते, ते कॉम्प्युटरमधी जाते.

तुळसाबाई : एका तारेचे पंधराशे? आमच्या घरी तारेची रीळच्या रीळ पडेल हायेत.

योगिनी : ती तार बॅटरी संपत आली की मशीन आपोआप बंद करण्यासाठी असते, आई. आपल्याकडे तू असतेसच घरी. मी शिकवून ठेवते, तू बंद कर. सव्वीसशेचा द्या.

अमरदीप : (सव्वीसशेचा डबा उचलून परत ठेवतो)

योगिनी : काय झालं?

अमरदीप : एक गोठ सांगाची राह्यली, ताई. काकाले मी हाच इकाले पाह्यलं होतं. तीनेक वर्षं झाली. काका समोरच्या स्टुलावर बसले होते. मी म्हनलं, काका, मशीन खराब होईन, बॅटरी लावा. तं म्हने, पोट्ट्या, तू माह्या मशीनचं तोंड बंद करतं.

तुळसाबाई : असं म्हनले?

अमरदीप : मले वाटलं, पैसे वाचवून राह्यले. पन मांगच्या आठवड्यात तो घोटाया झाला ना, तवा मले समजलं. तुमीच पाहा. मशीन चालू झालं की बोलते. चालू कवा होते? लाइट येते तवा. आता बॅटरी लावली अन् लाइट दहा मिनिटं गेली. मशीन बंदच नाई झालं. बंद नाई झालं तं चालू काय होईन?

योगिनी : आणि चालू नाही झालं, तर बोलणार नाही.

तुळसाबाई : थांब. म्हनजे बॅटरी लावली तं ते बोलनार नाईत?

योगिनी : माझ्या हे लक्षातच आलं नाही. मी शंभर ठिकाणी वाचलं, पण हे नाही.

अमरदीप : काकाचा आवाज कुठी जात नाई, ताई. पेन ड्राइव्हमधी देतो, मोबाइलमधी टाकतो, दहा ठिकानी ठेवा.

योगिनी : मोबाइलमध्ये आहे माझ्या. पहिल्या दिवसापासून आहे. पण तो मी लावला की लागतो.

अमरदीप : तेच म्हनून राह्यलो.

योगिनी : नाही, अमरदीप. मी लावला तर मला आधीच माहीत असतं, आता बाबा बोलणार. तेरवी करून मी पुण्याला गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात डबा धूत होते. खिशातून आवाज आला. लाइट आली बाप्पा, मोटरी चालू करा, स्टार्टरले ओल्या हातानं शिवू नका. मी आधी हात पुसले, मग फोन काढला.

तुळसाबाई : हे मले नाई सांगितलं तू.

योगिनी : तू सांगितलंस का? शेजारच्या निता काकू म्हणाल्या मला. लाइट आली की तू चुलीपासून ‘हो जी’ म्हणतेस.

तुळसाबाई : त्या नितीच्या तोंडाले बूच नाई! मानसानं हाक देली तं हो म्हना लागते. सवय हाये.

योगिनी : मी कुठे काय म्हटलं?

तुळसाबाई : मंग राहू दे. नको बॅटरी. चालते तोपर्यंत चालू दे.

योगिनी : सालभर, आई. सालभराने एका दिवशी लाइट येईल आणि ते उठणार नाही. तू चुलीपाशी वाट पाहत बसशील.

तुळसाबाई : अन् लावली तं उद्यापासूनच बसन.

अमरदीप : काकू, चहा सांगू?

तुळसाबाई : चहानं काय होते रे?

अमरदीप : काई नाई होत. पन तोपर्यंत ताई इचार करन. पाहा ना, ते त्या तिसऱ्या डब्याकडंच पाहून राह्यली.

योगिनी : ती तार. ती मशीनला नेमकं काय सांगते? बॅटरी संपली, एवढंच?

अमरदीप : सगळंच सांगते. बाहेरची लाइट गेली. बाहेरची लाइट आली. बॅटरी एवढी उरली.

योगिनी : आली तेही सांगते?

अमरदीप : हो ना! आरे, हो ना! अर्ध्या मिनिटात सांगते!

तुळसाबाई : काय झालं? दोघं काय हसून राह्यले?

योगिनी : आई, आत्तापर्यंत मशीन स्वतः उठलं की त्याला कळायचं, लाइट आली. आता ते जागंच राहील आणि तार त्याच्या कानात सांगेल, आली. मग ते बाबांना बोलवेल. बॅटरी संपून झोपलंच, तर उठल्यावर पहिल्यासारखं बोलेल. बाबांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दोन-चार ओळी बदलाव्या लागतील. रात्रीच्या आत करते मी.

तुळसाबाई : ते बोलतीन?

योगिनी : बोलतील. दर वेळी.

तुळसाबाई : मंग तारेचे पंधराशे काई जास्त नाईत. पन तू चारशे कमी कर, अमरदीप. चाळीस मानसाईले उन्हात धावडलं तू.

अमरदीप : काकू, त्याच्यात मले दोनशेबी नाई सुटत.

तुळसाबाई : मंग दोनशे कमी कर, अन् भाऊसिंगले चहा पाजजो.

अमरदीप : मंजूर. अन् ताई, राउटरबी यालेच जोडजा. नाई तं मशीन जागं अन् तोंडाले कुलूप. थांबा, इथंच जोडून दाखवतो.

तुळसाबाई : नेट काढलं का आधी?

अमरदीप : काढलं काकू, देवाशपथ. हे पाहा, तार लावली. आता भिंतीतला प्लग काढतो... ऐकलं? टी टी करते ते. पन मशीन चालू. अन् इथं स्क्रीनवर पाहा ताई, लिहून आलं.

योगिनी : बाहेरची वीज गेली.

तुळसाबाई : इतक्या लवकर समजते त्याले?

योगिनी : हो.

तुळसाबाई : मंग ते गेल्याचंबी सांगू शकन का ग्रुपवर?

योगिनी : सांगू शकेल की. याआधी लाइट गेली की मशीनच जायचं. म्हणून बाबांनी ते कधी केलंच नाही.

तुळसाबाई : त्याईच्या जिवाले लागेल होतं ते. हे म्हनत, लाइट गेली ते लोकाईले समजत नाई, स्टार्टर वरच राहते, मंग एकदम आली की मोटर जळते. गेल्याचं सांगता आलं असतं तं दहा मोटरी वाचल्या असत्या.

योगिनी : पण गेल्याचं बाबांच्या आवाजात नाही, आई. ‘लाइट आली’ एवढंच आहे.

अमरदीप : त्याची काई फिकर नाई. आता मोबाइलवर आवाज बनवता येते. काकाचा एवढासा आवाज देला की त्याच आवाजात पायजे ते बोलते. दोन मिनिटं लागतीन. कोनाले फरक समजत नाई.

योगिनी : खरंच नाही समजत?

अमरदीप : बिलकुल नाई.

तुळसाबाई : नको.

योगिनी : आई, नुसतं एक वाक्य...

तुळसाबाई : नको म्हनलं ना. ते बोलले तेवढं बोलले. जे बोलले नाईत ते त्याईच्या तोंडी नको घालू. एकडाव खोटं बोलले तं भाऊसिंग रडला. आता रोज बोलवतं का?

योगिनी : बरं. नाही घालत.

तुळसाबाई : तुह्या आवाजात टाक.

योगिनी : मी पुण्यात असते. माझा आवाज ऐकून गावातलं कोण स्टार्टर खाली करेल? भाऊसिंग काका विचारतील, ही कोण?

अमरदीप : काकूचा टाका ना.

तुळसाबाई : माह्या? मले बोलता येते का असं?

अमरदीप : आल्यापासून कोन बोलून राह्यलं मंग?

योगिनी : चल आई. फोन हातात धर. हे लाल दाबलं की बोलायचं.

तुळसाबाई : काय बोलू? नाव सांगू का आधी? हॅलो, मी तुळसाबाई... तुळसाबाई...

अमरदीप : काकू, उखाना नाई घ्याचा. गाव ओळखते तुमाले.

तुळसाबाई : तू गप रे. हे खोडून टाक, योगे. हसली मी त्याच्यात.

योगिनी : खोडत नाही. ते माझ्यासाठी ठेवते. आता पुन्हा. हळू बोललीस तरी चालेल.

तुळसाबाई : हे हळू बोलत होते का? हे कसे खांबावरून बोलल्यासारखे बोलत. मी बोलीन तसंच.

योगिनी : बोल. चालू केलं.

तुळसाबाई : लाइट गेली हो. स्टार्टर खाली करून ठेवा. सावलीत बसा, घोटभर पानी प्या. आली की ते सांगतीन.