पाहुणा गेला की खोली साफ

...नाही, पण मला सांगा, स्वच्छता हा काय गुन्हा आहे का हो? एकतीस वर्षं लॉजच्या काउंटरवर काढली मी, आणि एकतीस वर्षं एकच नियम, पाहुणा गेला की खोली साफ! त्याच्या चपला अजून जिन्यात वाजतायत, तोवर इकडे चादर बदललेली पाहिजे! या नियमानं माझं नाव झालं, आणि तुम्हाला सांगतो, याच नियमानं माझा घात केला.

झालं काय, घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला. आमचे जावईबापू त्यातलेच. आले, बघितलं, आणि म्हणाले... जरा नाकात बोलतात ते... ‘बाबा, ही जुनी फिरती डिस्क नाही, एसएसडी आहे. तुम्ही फाइल पुसता, ती नुसती यादीतून जाते. जागा रिकामी झाली हे डिस्कला कळतच नाही, ती बिचारी तो कचरा सांभाळत बसते. आणि वापरलेल्या जागेवर तिला थेट लिहिता येत नाही, आधी साफ करावी लागते. म्हणून रखडते.’ म्हणजे बघा हं, पाहुणा गेला, रजिस्टरमधून नाव खोडलं, आणि झाडणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही! तो आपला गेलेल्या माणसाची बॅग रोज पुसून ठेवतोय! माझ्या जिवाची तगमग झाली हो नुसती! म्हटलं, उपाय? ‘आहे ना, ट्रिम म्हणतात. कॉम्प्युटरच डिस्कला कळवतो, या या जागा रिकाम्या, टाक साफ करून. आठवड्यातून एकदा लावून देतो.’

आठवड्यातून? शी! म्हटलं, जावईबापू, पाहुणा गेला की खोली साफ! पुसलं की त्याच क्षणी निरोप गेला पाहिजे. ते म्हणाले, ‘बाबा, राहू द्या थोडी उसंत. चुकून काही पुसलंत तर...’ मी? चुकून? असं काही बघितलं मी त्यांच्याकडे, की बिचाऱ्यांनी मुकाट्यानं तसं लावून दिलं.

आता आमच्या हिचं सांगतो. हिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मुलगी म्हणाली, ‘आईचा आवाज तरी भरून ठेवू या.’ ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ही कॉम्प्युटरच्या माइकसमोर बसली आणि दोन तास बोलली. मी शेजारीच होतो. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, लाल दिवा चालू आहे ना, मध्येच बंद पडत नाही ना! कामात कुचराई नाही आपल्याकडे.

ऑपरेशन झालं, ही सुखरूप घरी आली. आणि गेल्या मंगळवारी मला आवराआवरीची हुक्की आली. बघतो तर दोन फोल्डर. एक ‘नवीन’, दुसरं ‘नवीन २’. म्हटलं, एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला? दिली एक उडवून. कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा केला, अर्धवट काम मला चालत नाही! आणि मग ‘नवीन २’ उघडलं, तर आत गॅसच्या पावत्या.

म्हणजे मी उडवलं ते हिच्या आवाजाचं फोल्डर! मशीन उचललं आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडे पळालो, पायात दोन तऱ्हेच्या चपला. तो म्हणाला, ‘घाबरू नका काका, पुसलेलं पुष्कळदा मिळतं.’ मी देवाला हात जोडले. मग त्यानं आत काहीतरी बघितलं आणि विचारलं, ‘काका, हे लगेच साफ करायचं कुणी लावून दिलं? आठवड्याचं असतं तर आज काहीतरी हाती लागलं असतं. आता काही नाही.’ काय सांगू त्याला? पाहुणा गेला की खोली साफ... दुकानात उभ्या उभ्या रडलो मी. लाज कसली?

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, आता वही फेकून मारणार. हल्ली वहीवर लिहूनच बोलते ना. पण नाही. तिनं वही पुढे ओढली आणि लिहिलं, ‘जाऊ दे. काय काय बोलले होते मी? तेवढं सांगा.’

आणि तुम्हाला सांगतो... मला एक अक्षर आठवेना! दोन तास शेजारी बसलेला माणूस मी! दिवा बघत होतो हो, ऐकलं कुठे होतं? म्हटलं, नंतर ऐकू निवांत, भरून तर ठेवलंय! एकोणतीस वर्षांच्या संसारात हेच तर केलं, ‘हं, हं’ म्हणत राहिलो.

मान खाली घालून म्हटलं, ‘नाही ऐकलं गं मी.’

तिनं लिहिलं, ‘ठाऊक होतं.’ आणि त्याच्याखाली, चांगल्या ठसठशीत अक्षरात, ‘आता वाचावं लागतंय ना?’

वाचतोय बाबा, वाचतोय. मान वर करायची सोय नाही, एक पान वाचून होतंय तोवर दुसरं तयार!