चार नंबरची खोली

हॅलो?… कोण, आयडेला? बोल गं.

हो, हो… ऐकलं मीही रेडिओवर. मिळालं अनुदान. दवाखाना राहतोय आपला… सकाळपासून गावात ट्रकांचे भोंगे चाललेत.

माझं कसलं अभिनंदन? टोपेकाला, सरकारपुढे, सगळेच गेलो होतो. मी चार शब्द बोलले, एवढंच.

नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय.

अगं ऐक ना… ऐक तर! अनुदानाला अट आहे. इमर्जन्सी राहणार, तपासणी राहणार, खाटा जाणार. रात्री कुणाला ठेवायचं नाही. रक्त थांबवायचं आणि विचिटाच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं…

हो, व्हर्लिनलासुद्धा. मग? माझा नवरा म्हणून त्याची एकट्याची खाट ठेवतील?

आज. आत्ता. अट आजपासूनच लागू. अँब्युलन्स दारात उभी आहे.

घरी कसं नेऊ? त्याला ऑक्सिजन, सुया… नर्स शेतावर येत नाही एवढ्या लांब. विचारून झालं सगळं.

कळतं गं मला. नाहीतर टाळंच लागलं असतं. कापणीचे दिवस, कुणाचा हात यंत्रात गेला तर कुठे नेणार? मीच तर तिथे म्हणाले, काहीही करा, पण दार उघडं ठेवा. ठेवलं बाई त्यांनी. दारच ठेवलं.

डॉक्टरीण म्हणाली, आठवडा काढेल. फार तर… नाही, त्याला नाही सांगितलं.

चार नंबर गं, त्याच्या आईच्या नावाची खोली. सासऱ्यांनी दोन गाई विकून दवाखान्याला दिलेली. खिडकीतून आमचं कुरण दिसतं. इथेच डोळे मिटायचे होते त्याला, दुसरं काही मागितलं नाही माणसाने… दारावरची पितळी पाटी नर्सने काढून दिली मला. मांडीवर घेऊन बसलेय.

थांब हं, जागा झाला…

काय रे? भोंगे? दवाखाना वाचला आपला, म्हणून वाजवतायत… हो, तू म्हणालाच होतास… गाडी? हो, आपल्यासाठीच… हो. घरी. घरीच चाललोय.

आयडेला, ऐकलंस ना… नको, तू काही बोलू नकोस. ठेवते मी. बूट मागतोय तो.