संत्र्यांत पंच्याण्णव किलो

...नाही यतीन, तू आधी बैस. तुझ्या हॉस्टेलच्या पोरांची संत्री कुणी खाल्ली नाहीत — म्हणजे ती नव्हतीच, कधीच नव्हती. कशी म्हणजे? सांगतो. मंडळानं नागपूरहून इथं दिल्लीला ट्रकभर संत्री मागवली — पेट्या नाहीत, सुटी, गवतावर ओतलेली. आधी भरलेला ट्रक धर्मकाट्यावर तोलायचा, मग मयूर विहारात आपल्या सोसायटीत माल उतरवून रिकामा तोलायचा, फरक येईल तेवढी संत्री. सोपं ना? बिल्कुल सोपं. सेक्रेटरी म्हणून देखरेख माझी. तर भरलेला ट्रक काट्यावर चढला तेव्हा मी वर होतो, संत्र्यांच्या ढिगावर — अरे, लक्ष ठेवायला! बरं, दोन-चार सोलली असतील. आणि रिकामा ट्रक तोलायला गेला तेव्हा मी इथं खाली, लिफ्टपाशी — लिफ्ट कसली, अजून नुसता खड्डाय — घरटी वीस-वीस किलो वाटत होतो. शेवटी तुझ्या पोरांचा वाटा काढायला बघतो तर पंच्याण्णव किलो कमी! सगळे ड्रायव्हरवर तुटून पडले. हणमंत नाव त्याचं, काटोलचा. "एक संत्रं नाही विकलं जी," म्हणत रडकुंडीला आला बिचारा.

मला कधी कळलं? — तेव्हाच. लगेच. खोटं कशाला बोलू? पण बोलणार कसा, पद्मजा शेजारीच उभी! वर्षभर तिनं मला उकडलेल्या दुधीवर ठेवलंय, आणि मी दर रविवारी वॉकहून येऊन सांगतो — वजन अठ्ठ्याहत्तर. वॉक? अरे, तो कचोरीवाल्यापर्यंतच जातो... हे तू ऐकलं नाहीस हां. मग कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. हणमंत म्हणाला, "लेकीचं लग्न ठरलंय जी, गावात काय सांगू?" — तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, चलो, मला तोला. अख्खी सोसायटी काट्यावर लोटली, यार! रिकाम्या ट्रकमध्ये मी एकटा, बाजाराला नेलेल्या म्हशीसारखा. काटेवाला ओरडला, "पचानवे बढ़ गया!" पद्मजा शांतपणे त्याला म्हणाली, "भैया, दोबारा देखो." त्यानं दोबारा पाहिलं. पचानवे. हणमंत धावत आला, मला मिठी मारायला — हात पुरले नाहीत त्याचे.

ती? चार दिवस बोललेली नाही. रागावलीय असंही नाही — ताट वाढते, ताटाकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि पोळी परत डब्यात. ते जाऊ दे. तू माझा वाटा ने, ती बघ पिशवी, पोरांना सांग काकांनी पाठवली... अशी उचलून काय बघतोस? वीस किलोच आहे. होती. तू यायच्या आधी जरा — सालं? कुठली सालं? हां, ही होय... अच्छा, ऐक, जिन्यात तिच्या चपला वाजतायत. ही सालं खिशात घाल, नीघ आता. नीघ म्हणतो ना!