चालकाचं नाव

कॅरॅव्हॅन भाड्याने देणाऱ्या ऑफिसात माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते. फॉर्म भरणं चाललं होतं.

"वर्षभरात कधी फिट आली होती का? 'नाही' लिहितो."

"मग जेवता जेवता ताटावर कोसळलास, ते काय होतं?"

"हळू बोल ना. एकदाच झालं ते."

"डॉक्टरांनी सहा महिने गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय. अजून चारच झालेत."

"पोरींनी बॅगा भरून दारात ठेवल्यात. त्यांना काय सांगू? बाबा आजारी आहे म्हणून?"

"त्याच पोरी मागे झोपलेल्या असणार आहेत."

"मग करून टाक रद्द!"

"रद्द कशाला? पेन दे इकडे."

"काय लिहितेयस?"

"चालकाचं नाव. माझं."

"तुझं? अगं, आपली छोटी गाडी मागे घेताना तुला घाम फुटतो!"

"फुटू दे." तिने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "दादा, आत्ता आवारात एक फेरी मारून बघू का?"

"बघा की, ताई. पण शेजारी कुणीतरी बसायला हवं."



"मी बसतो. पण आधी आरसे खाली करून घे. सगळे माझ्या उंचीला लावलेत मघाशी."