उजवा कौल

थांब, थांब — पुन्हा टाकू नकोस. ठेव ते खाली. ठेव ना! — सॉरी हां, एकदम ओरडलो. मघाशी खाली कार पार्कमध्ये फोनवर मराठीत बोलत होतास म्हणून — विनय ना? रीडिंग, आयटी — ते काय, सगळेच असतात. मी पद्माकर. तीस वर्षं कार्डिफमध्ये. दर रविवारी या टेकडीवर येतो, तळ्याकडचा ट्रेल धरून, हळूहळू, बागेतल्या पायऱ्या आता झेपत नाहीत. तर हे लाकडाचे दोन तुकडे — अरे, कौल आहे हा. आमच्या कोकणात लावतात तसाच. मनात प्रश्न धरायचा आणि टाकायचे. एक उलटा, एक सुलटा, म्हणजे हो. दोन्ही पालथे, फुगीर बाजू वर, म्हणजे नाही. भिंतीवर इंग्रजीत लिहिलंय बघ. हाँगकाँगच्या रेस्टॉरंटवाल्यांनी बांधलं हे देऊळ, त्यांची समुद्राची देवी ही.

मी काय विचारलं? मी — बायकोचं. मीनाक्षीला सांगू की नको. दोन हजार चारचा सप्टेंबर. डॉक्टर म्हणाला, सिक्स मंथ्स, पर्हॅप्स लेस — इथले लोक तोंडावर सांगतात. तिचं इंग्रजी दुकानापुरतं, डॉक्टर बोलायला लागला की माझ्याकडे बघायची. नर्सने विचारलं होतं, इंटरप्रिटर हवा का? म्हटलं, मी आहे ना. तर ही विचारते, अहो, सिक्स मंथ्स काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — सहा महिने औषध घ्यायचंय. केवढी खूश झाली! घरी येऊन कॅलेंडरवर मार्चमध्ये लाल गोल केला, सकाळचा चहा झाला की रोज एक दिवस खोडायची. आणि संपलं की आधी वेंगुर्ल्याला. तिथे तिची मोठी बहीण, उल्का. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून नऊ वर्षं अबोला. मीनाक्षी म्हणायची, फोनवर नाही, समोर जाऊन पाया पडते. पण बरी झाल्यावर, हा असला चेहरा घेऊन नाही.

तेव्हा चालत होती रे ती, विमानात बसली असती. म्हणून इथे आलो, टाकले — आणि दोन्ही उताणे, सपाट बाजू वर. त्याचं काही भिंतीवर लिहिलेलं नाही. मी म्हटलं, डावा कौल, देवी नको म्हणते. सुटलो. मग कधीतरी मिसेस लाउ म्हणाल्या — त्या तिकडे झाडतायत ना, त्या — की ते नको नसतं, देवी हसते तेव्हा तसे पडतात. उत्तर माहीत असून विचारतोस, म्हणून हसते. — नाही, पहिल्यांदा नाही तसे पडले. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा हो आलं होतं. अगदी लख्ख. दुसऱ्यांदाही. गावाला गुरव समोर उभा असतो, उजवा कौल मिळाल्यावर पुन्हा लावा म्हणायची कुणाची टाप नाही. इथे कोण होतं बघायला? उचलले नि टाकले.

अकरा जानेवारीला गेली. लाल गोलापर्यंतचे सगळे दिवस कोरे. शेवटी शेवटी म्हणाली, अहो, औषध लागू पडत नाहीये का? म्हटलं, पडतंय की. उल्काला फोन केला, तर तिने एवढंच विचारलं — तिला माहीत होतं का? आणि मी — लाज वाटली रे मला, काय सांगू — मी हो म्हटलं. म्हणजे तिकडे ती काय समजून बसली असेल? मरणार हे माहीत होतं, तरी बहीण आली नाही. चार वर्षं झाली. एवढं एक खरं तरी सांगायला पाहिजे तिला, मीनाक्षीसाठी तरी. तेच तर विचारायला येतो मी दर रविवारी — सांगू का.

कळलं ना? मग तू काय विचारलंस ते मला नको. पहिल्यांदा काय पडलं ते मी पाहिलंय. जा, ज्याला करायचाय त्याला फोन कर. इथे रेंज नाही, खाली कार पार्कमध्ये मिळेल. माझं? मघाशी तू यायच्या आधी — हो आलं. मागच्या रविवारीही हो आलं. ते तुकडे तेवढे दे इकडे. बघतोस काय? जा.