तिसरी पायरी

मी खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारले त्याप्रमाणे सांगते ते असे. जबाब हवालदार लिहून घेणार होते. मी माझ्या हाताने लिहिण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी दिली. कारण शेवटी येईल.

काल सकाळी माझ्या घरी आले ते: निशिगंधाचे मोठे पुष्पचक्र एक, लाकडी तिकाटण्यासह. पांढरे कापड नवे, पाच वार. शववाहिनी एक, चालकासह. पावतीवर तिन्हींपुढे किंमत शून्य होती. मी यातले काही मागवले नव्हते. घरचा हिशोब मी ठेवते. चुकून आलेली वस्तू आली तशी परत करते, पण गाडी कोणत्या खात्यात परत करायची ते मला कळेना.

मी देवासमोर बसले होते. दार कोणीतरी फार जोरात वाजवले, कडी हलली. जिन्यात बोलणे ऐकू येत होते. चालक म्हणत होता, "बाई, तिसरी पायरी जपून हं, फुटलेली आहे." पुष्पचक्राचे दुसरे टोक आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी धरले होते. त्या रडत रडत म्हणाल्या, "कुठं फुटलीय? चांगली धडधाकट आहे."

मी दार उघडले. चालकाने विचारले, "घरात मोठं कोणी आहे का?"

"मी आहे. काय काम आहे?"

"न्यायला आलोय."

"कोणाला?"

त्याने फोनमध्ये बघून माझे पूर्ण नाव वाचले.

"ती मीच," मी म्हणाले.

"काकू, असं अभद्र बोलू नका. मला दुपारी दुसरी फेरी आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि पुष्पचक्र सोडून दिले. "अगं बाई! मग खालपासून मी रडतेय कोणासाठी?"

आमचे हे दाढी करता करता बाहेर आले. अर्ध्या तोंडाला साबण होता. ते चालकाला म्हणाले, "अजून तिनं मला चहा दिलेला नाही. नंतर या." वहिनी हसल्या. मला हसू आले नाही. कापडाची घडी उघडलेली होती आणि ते मला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल असे होते.

मग ह्यांनी विचारले, "दार का फोडत होतास रे?"

चालकाने फोन पुढे केला. "साहेब, मला सांगितलंय तसं करतो मी. हे बघा. दार जोरात वाजवा, उजव्या कानानं कमी ऐकू येतं. जिन्यात तिसरी पायरी जपून, फुटलेली आहे."

यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या उजव्या कानाचे मी ह्यांनाही सांगितलेले नाही. आणि तिसरी पायरी ह्यांनी स्वतः सिमेंट आणून नीट केली, त्याला चार वर्षे झाली. म्हणजे ज्याने हे सांगितले तो माझ्या जवळचा होता, आणि पायरी नीट झाल्यापासून घरी आलेला नव्हता. असा माणूस एकच आहे. हे बाहेर जाऊन त्या तिसऱ्या पायरीवर बसले. तोंडावरचा साबण वाळून गेला तरी उठले नाहीत. चालकाने दुसऱ्या फेरीला उशीर होतो म्हणून गाडी नेली. फुले टाकवेनात. देवाला ती चालणार नव्हती. मी बादलीत पाणी घालून ठेवली.

आम्हाला एक मुलगा आहे. लहानपणी वर्गात सगळ्यांत ठेंगणा, म्हणून घरात त्याला बुटक्या म्हणतात. आता दारातून वाकून यावे लागते. म्हणजे लागायचे. तो पाच वर्षांपूर्वी घरातून गेला. ह्यांचे आणि त्याचे काय झाले ते या प्रकरणाच्या कामाचे नाही. तो विमा कंपनीत संगणकाचे काम करतो एवढे ऐकून होते. कानाचे मी त्याला एकट्याला सांगितले होते, कारण तो नेमका उजवीकडून येऊन कुजबुजायचा.

दुपारी त्या कंपनीच्या संगणक विभागातल्या एक बाई धापा टाकत आल्या. वय तिशीचे असेल. मला बघून त्यांनी माझा दंड चाचपला. "तुम्ही खऱ्या आहात? काकू, तुम्ही खरंच आहात?"

मी म्हणाले, "सकाळपासून तेच सगळ्यांना सांगतेय."

त्यांनी जे सांगितले ते मला उमजले तसे लिहिते. पूर्वी कोणी गेले की घरच्यांनी कचेऱ्यांत खिडकी खिडकी हिंडायचे. सासूबाई गेल्या तेव्हा मी हिंडले. शाळकरी बुटक्या तेव्हा कागदांची पिशवी धरून बरोबर असायचा. प्रत्येक खिडकीत विचारायचे, "गेल्या का?" प्रत्येक खिडकीत मी म्हणायचे, "गेल्या." जिना उतरताना तो म्हणाला होता, "आई, एकदाच सांगितलं तर नाही का चालणार? ज्याला पाहिजे त्यानं ऐकावं."

त्याने मोठेपणी तेच करून ठेवले. आता कंपनीत एका जागी फक्त घडलेली गोष्ट पुकारतात, अमुक ग्राहक गेले. शाळेची घंटा वाजवणारा शिपाई वर्गावर्गात जाऊन सांगत नाही, घंटा ऐकून जो तो आपल्या कामाला लागतो, तसे. पैशाचा विभाग पैसे काढतो, पत्रांचा विभाग पत्र लिहितो, कोणी कोणासाठी अडत नाही. एखादा विभाग बंद असला तर निरोप त्याची वाट बघत थांबतो. नवा विभाग आला तर जुन्यांना हातही लावावा लागत नाही, त्याने येऊन ऐकायला बसायचे. बाई म्हणाल्या, याने कंपनीचा धंदा दुप्पट झाला, पण ते जाऊ दे, एका बाईला नवऱ्याच्या विम्याचे पैसे चौथ्या दिवशी मिळाले. हे ऐकून मला बरे वाटले. योजना चांगली आहे, असे माझे मत आहे.

"पण यात एक आहे काकू," त्या म्हणाल्या. "पुकारणाऱ्याला कोण कोण ऐकतंय ते माहीत नसतं."

यंत्र नीट चालते का बघायला खोटे ग्राहक घालून सराव करतात. नावे पत्ते मनाचे घालायचे असा नियम आहे. बुटक्याने पहिला ग्राहक घातला तो मी. खरे नाव, खरा पत्ता, कान, पायरी, आवडते फूल, सगळे. आणि जवळचा नातेवाईक म्हणून स्वतःचा फोन.

"आम्हाला वाटायचं, त्यानं तुम्हाला मनानं रचलंय," बाई म्हणाल्या. "सगळ्या ऑफिसचा तुमच्यावर जीव आहे. सरावात तुम्ही तीनदा घर बदललंत आणि दर वेळी परत इथंच आलात. मागच्या वर्षी तुम्हाला तिळं झाली."

"या वयात?"

"आम्ही पेढे वाटले, काकू."

मृत्यूचा सराव मात्र त्याने माझ्यावर कधी केला नाही. कोणी माझे नाव घेतले की म्हणायचा, "तिला नाही. दुसरं कोणी घ्या." हा नियम तोंडीच राहिला. तो रजेवर गेला आणि काल सकाळी या बाईंनी विसरून पहिलाच ग्राहक घेतला. निरोपावर सराव असा शिक्का होता. जुन्या विभागांनी तो पाहिला आणि कोणी काही केले नाही. पण फुले, गाडी आणि नातेवाइकांना फोनवर कळवणे ही कामे गेल्या महिन्यात बाहेरच्या मंडळींना दिली होती. ती ऐकायला येऊन बसली, शिक्क्याचे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांनी ऐकले आणि कामाला लागली.

मी विचारले, "नातेवाइकांना म्हणजे त्यालाही कळवलं?"

बाईंनी मान हलवली. मग सगळे सांगितले.

एकदा पुकारलेले पुसता येत नाही, त्याच्या मागून दुसरा निरोप पाठवावा लागतो. बाईंनी तो लगेच पाठवला: आधीची बातमी चुकीची, रद्द समजावी. बुटक्या सध्या रजेवर डोंगरातल्या विश्रामगृहात उतरला आहे. तिथे फोन धड लागत नाही. दोन्ही निरोप वाटेत अडकले आणि सुटले ते उलटे. रद्द समजावी हे आधी पोहोचले. तुमच्या आई गेल्या हे नंतर. दोन्ही वाचल्याची खूण बाईंच्या यंत्रात त्याच क्रमाने उमटली आहे, ती त्यांनी मला दाखवली. सराव असेल असे त्याला वाटणार नाही. माझ्यावर तो सराव होत नाही, हे त्याच्याइतके कोणाला माहीत आहे? त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. वर जाणारा रस्ता परवापासून दरड कोसळून बंद आहे. त्याला खाली येता येत नाही आणि गाडी वर जात नाही. वाट पाठ असल्याने पोस्टमन तेवढा पायवाटेने जातो, असे इथल्या साहेबांनी चौकशी करून सांगितले.

कंपनीचे वकील म्हणतात की खऱ्या बाईची खासगी माहिती तिला न विचारता वापरली, हा त्याचा गुन्हा आहे. साहेबांनी मला विचारले, तुम्ही संमती दिली होती का? मी देवाला मानते, खोटे लिहिणार नाही. संमती दिली नव्हती. विचारले असते तर दिली असती. विचारायला तो आला असता तर आणखीही दिले असते. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्या बाईंविरुद्धही नाही. त्या काल रात्री आमच्याकडेच राहिल्या, जेवल्या नाहीत.

माझे एकच काम आहे. तो आता फोनवर आलेले काही खरे मानणार नाही. माझे अक्षर तो ओळखतो, शाळेच्या प्रगतीपुस्तकावर ह्यांच्या जागी मीच सही करायचे. म्हणून हा जबाब हाताने लिहिला. त्याला याची नक्कल नको, हाच कागद वर पाठवावा, नक्कल ठाण्यात ठेवावी.

बुटक्या, मी आहे. कान तसाच आहे. येताना डावीकडून बोल.

हे जबाबात बसत नाही, असे हवालदार म्हणाले. पण खोडा म्हणाले नाहीत.

हे बाहेर बाकावर बसले आहेत. दोनदा आत डोकावून विचारून गेले, "पायरीचं लिहिलंस का?" त्यांना दाखवण्यासाठी पुन्हा लिहिते. तिसरी पायरी नीट केलेली आहे. जपून चढायची गरज नाही.

वर लिहिलेले मी स्वतः वाचले, हवालदारांनीही मोठ्याने, माझ्या डाव्या बाजूला बसून वाचून दाखवले. माझ्या माहितीप्रमाणे सर्व खरे आहे. वरच्या चौकीतील साहेबांना विनंती की कागद त्याच्या हातात द्यावा, तो वाचेपर्यंत शेजारी कोणी थांबावे, आणि तो कसा आहे ते उलट टपाली कळवावे. परतीचे तिकीट लावले आहे.