अकरा वॉटचं चांदणं

आदरणीय अध्यक्ष अशोक सर, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, इथल्या सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मिलमधून निवृत्त होऊन उद्या गावी निघालेले आपल्या चाळीतले वायरमन हिलालभाऊ, त्यांच्या घरच्या चंचलवहिनी आणि माझ्या डिंडोलीच्या माणसांनो, या सरलाबाईचा सर्वांना नमस्कार. मला दोनच मिनिटं दिली आहेत. सर, घड्याळाकडे नका बघू, मी नीट वापरते.

मी साड्यांना फॉल लावते, हे इथं कोणाला ठाऊक नाही? गेल्या वर्षी वीजबिल घरमालक भरायचा, म्हणून त्याचा नियम होता, खोलीत एकच दिवा, साठ वॉटचा. त्या पिवळ्या उजेडात बाई, सगळं स्वप्नातल्यासारखं दिसायचं. एका संध्याकाळी नेव्ही ब्लू साड्यांच्या अख्ख्या गठ्ठ्याला मी काळे फॉल लावून बसले! व्यापारी म्हणाला, "पुन्हा चुकलात तर काम बंद." आमचे हे तेव्हा अंथरुणावर. चूल त्याच कामावर पेटायची. मी रडले, खोटं कशाला बोलू?

हिलालभाऊंनी बल्ब काढून दुमडलेल्या नळीचा एक दिवा लावला. अकरा वॉटचा. तो लुकलुकला आणि खोलीभर चांदणं पडलं. निळं निळं दिसलं, काळं काळं.

"भाऊ, इतका महागाचा?"

"राहू द्या ताई, आमच्याकडे दोन आहेत."

लख्ख खिडकी बघून घरमालक धावत आला. "आटलुं बधुं अजवाळुं? केटला वॉट?" एवढा उजेड, म्हणजे वॉट किती, म्हणे! भाऊंनी त्याला आमच्या मीटरसमोर उभं केलं. चकती इतकी सावकाश फिरत होती, की शेठ बघता बघता ओट्यावरच टेकला. मग हळूच म्हणाला, "मारे घेर पण लगाडी आप." माझ्याही घरी लावून दे!

आता दिवेलागणीला अर्धी चाळ तशीच उजळते. कोपऱ्यावरून बघितलं की वाटतं, आपली चाळ तापीवर तरंगतेय.

मघाशी हार ओवताना मी वहिनींना त्या दुसऱ्या दिव्याचं विचारलं. त्या हसल्या. "एकच व्हता ना वं बाई, दोन कसाना!"

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. माझा काढलेला पिवळा बल्ब भाऊंनी स्वतःच्या घरी लावला. वर्षभर वहिनी त्याच्याखाली तांदूळ निवडतायत. मी रोज त्यांच्या दारावरून जाते, कधी मान वर केली नाही. लाज वाटली मला.

तशीच घरी पळाले. मी नवा घेईन हो, तोवर फॉल दिवसाउजेडी लावीन.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला. वहिनी, हात पुढे करा. पदरात गुंडाळून आणलाय, अजून कोमट आहे.